कच्चा खडा

…पण नखाच्या कडेला चुन्याचा एक ठिपका राहिलाच. समोरच्या बाकावरच्या माणसाने डबीचं झाकण लावलं, तंबाखू मळली, ती ओठाआड ठेवून हात धोतराला पुसला, तरी तो ठिपका अंगठ्यावर तसाच, पांढरा, कोरडा होत चाललेला. ताकारी स्टेशन गेल्यापासून नरहर वाळिंबे त्या ठिपक्याकडेच बघत होता. दुसरीकडे बघायचा कंटाळा आला होता. खिडकीबाहेर बघितलं की ऊस दिसायचा, आणि ऊस दिसला की आई दिसायची — गावातल्या केरबाच्या बायकोचा, अंजनाचा हात धरून, अनवाणी, उसाच्या सरीतून चाललेली. ते त्याने स्वतः पाहिलं नव्हतं. तो त्या दिवशी सांगलीला कॉलेजात शिकवत होता. न पाहिलेलं इतकं स्वच्छ कसं दिसतं, याचं आता त्याला नवलही वाटेनासं झालं होतं.

हा ठिपका एके काळी जिवंत होता, असं या माणसाला सांगितलं तर? काही नाही. खिडकीतून थुंकेल आणि म्हणेल, असंल बाबा. कॉलेजातली पोरं तेच जरा शुद्ध भाषेत म्हणायची. वर्गात तो सांगायचा की ओढ्यातल्या दगडावरून पाय घसरतो ना, तर ज्यावरून घसरतो ती बुळबुळ म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंची वस्ती. त्यांना हाड नाही, शिंपला नाही. ते पाण्यातला वायू ओढून घेतात, आणि पाण्यात विरघळलेला चुना त्यांच्या अंगावर बसतो. मग ते त्या थरातून वर येतात, उजेडाकडे, की पुन्हा चुना बसतो, पुन्हा वर … असा थरावर थर चढून दगड तयार होतो, मधोमध कापलेल्या कोबीसारखा. पोरं हसायची. शिक्षकांच्या खोलीत तर ‘वाळिंब्यांचा कोबी’ हे नावच पडलं होतं. कोबी आज काय भाव, असं कुणीतरी विचारायचं आणि तोही हसायचा. आई म्हणायची, “अरे, शेवाळावरून लोक घसरून पडतात, आणि तू त्यावर चढून नाव काढणार होय?”

नाव काढायचं होतंच. लपवायचं कशाला? आयुष्यात एक गोष्ट आपण पहिल्यांदा पाहिली एवढं म्हणता यावं, इतकंच हवं होतं. जत ओलांडून कलादगीच्या बाजूला, एका उघड्याबोडक्या टेकडीवर तो दगड त्याला सापडला होता — पांढऱ्या थरांच्या मधे काळ्या रेघा. पांढरे थर कुणाच्याही मदतीशिवाय बसू शकतात, म्हातारे भूशास्त्रज्ञ तेच म्हणत आले होते, आणि त्यांना खोटं पाडणं सोपं नव्हतं. पण त्या काळ्या रेघा म्हणजे कार्बन होता. आणि जिवंत गोष्ट कार्बन खाते ती निवडून खाते, हलका तेवढा उचलते आणि जड टाकते, लहान मूल पोह्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खातं तशी. खाणारा मरतो, त्याचं अंग कुजून जातं, समुद्र आटतो, वर डोंगर बसतात … ती निवड मात्र दगडात राहते. परदेशात ती मोजायची यंत्रं निघाली होती. कलकत्त्याच्या एका वडीलधाऱ्या संशोधकाने गेल्या महिन्यात कळवलं, दगड पाठवा, मी अमेरिकेत मोजून घेतो.

दगड पाठवा. तो घरात होता. आईने तो लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवला होता, आणि नरहरनेही तो तिथेच राहू दिला होता, कारण घरात त्याहून सुरक्षित जागा कुठली? आणि मग गेल्या साली गांधीजींचा खून झाला, खून करणारा ब्राह्मण निघाला, आणि लगोलग या मुलखात गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटली. त्यातलं एक वाळिंब्यांचं. आई आणि नरहरची बायको मथुरा जीव वाचवून सांगलीला पोचल्या. आई भाड्याच्या खोलीत पावसाळा पुरता काढू शकली नाही. पुन्हा त्या टेकडीवर जावं म्हटलं तर लढाईच्या दिवसांत भट्टीवाल्यांनी ती टेकडी खणून, भाजून, चुना करून विकली होती. म्हणजे राहिला तो तेवढा एक दगड — राहिला असला तर.

सकाळी निघताना मथुराने फिरकीचा तांब्या भरून दिला, फडक्यात दशम्या बांधून दिल्या. जाऊ नका म्हणाली नाही. दाराच्या कडीवर हात ठेवून एवढंच म्हणाली, “तिथलं पाणीसुद्धा तोंडात घालू नका.” तो बरं म्हणाला. खरं म्हणजे त्यालाही तेच हवं होतं. मी दगडाला चाललोय, गावाला नाही. जायचं, ढिगारा उकरायचा, असला तर उचलायचा, नसला तर … नसला तर काय, याचा विचार करायला अंगात त्राण नव्हतं. वर्षभर सगळ्याच गोष्टींना असं झालं होतं. राग यायचा तोही अर्ध्या वाटेवर दमून खाली बसायचा.

कऱ्हाडला उतरून तो चालत गावात पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. घराचं जोतं होतं. एक भिंत उभी होती आणि तिच्यावर कुणीतरी शेणी थापल्या होत्या, ओळीने, नीट, बोटांच्या खुणांसकट. स्वयंपाकघर होतं तिथे एरंड उगवला होता. काठीने तो उकरत राहिला — बरणीची एक चिनी खापरी, चुलीचा दगड, वितळून गोळा झालेलं पितळ. बरणीवरचा दगड नव्हता. भाजलेला, फुटलेला, कसलाच नाही. दगड चोरायला कोण येणार? या गावात दगडाला काय तोटा आहे? तो एरंडाच्या सावलीला टेकला आणि त्याला वाटलं, इथेच थोडं पडावं …

“आवं मास्तर … कवा आला?”

केरबा. मळलेली बंडी, हातावर चिपाडाचं कूस, मिशी आता पांढरी. शेजारच्या वाड्याचा नव्हे, शेजारच्या शेताचा. नरहरच्या बरोबरीचा, एकाच ओढ्यात पोहायला शिकलेला. शेणी त्याच्याच घरच्या असाव्यात.

“आत्ताच,” नरहर म्हणाला.

“काकूंचं कळलं. अंजना लय रडली.” केरबाने डोक्याचं पागोटं काढून पुन्हा बसवलं. “बाहेरची मानसं व्हती, मास्तर. मोटारीतनं आल्ती.”

हे वाक्य नरहरने वर्षभरात इतक्या गावांच्या नावाने ऐकलं होतं. प्रत्येक गावात बाहेरचीच माणसं आली होती. मग ती सगळी राहत होती कुठे? त्यांना काही गाव होतं की नाही? पण हे तो बोलला नाही. आईचा हात अंजनाने धरला होता, आणि अंजना केरबाची बायको होती. आणि केरबा? मथुरा म्हणायची, मागे वळून पाहिलं तेव्हा अंगणात माणसं दाटली होती, कोण कोण ते कळलं नाही.

“इथं एक दगड होता,” तो म्हणाला. “बरणीवरचा. पांढऱ्या-काळ्या रेघांचा.”

केरबाने ओढ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “चला गुऱ्हाळावर. दावतो.”

गुऱ्हाळ ओढ्याच्या अंगाला होतं. चुलवाणात चिपाडं धडधडत होती, काहिलीत रस उकळत होता, पण तो वास येऊनही नरहरला भूक लागली नाही. मोठ्या पळीने मळी काढणाऱ्या गड्याला बाजूला करून केरबाने स्वतः मडक्यातली चुन्याची निवळी काहिलीत सोडली. रस फसफसून वर आला, काळपट फेस कडेला गेला, खाली रंग उजळला. हे नरहरने लहानपणापासून पाहिलं होतं. चुना पडल्याशिवाय रसातली घाण वर येत नाही.

“गेल्या साली चुना मिळंना,” केरबा काहिलीकडेच बघत म्हणाला. “रस्तं बंद, बाजार बंद. आन् ऊस तर तोडून पडल्याला. तुमच्या ढिगाऱ्यात ही पांढरी ढेकळं घावली. पानी टाकलं तर फुगली, वाफ निगाली. म्हनलं, ह्यो तर चुनाच हाय. वाया कशाला घालवायचा? टाकला काहिलीत.”

नरहरला हसू आलं, आणि ते हसू त्याला मुळीच आवडलं नाही. भाजलेला चुनखडक म्हणजे कळीचा चुना. पोरांना हे तो पहिल्याच महिन्यात शिकवायचा. पेटलेल्या तुळया, माळ्यावरचा कडबा, दाणे, एवढ्या आगीत बरणीवरचा दगड भाजला नसता तरच नवल. वायू गेला, काळ्या रेघा गेल्या. कुठे गेल्या? वर. आईचे पाट, बापाच्या पोथ्या, कडबा, आणि माणूस नावाचा प्राणी व्हायच्या कितीतरी आधी उथळ पाण्यात उजेडाकडे सरकत राहिलेली ती बुळबुळ, सगळ्यांचा मिळून एकच धूर झाला. आणि उरलं ते केरबाच्या गुळात. लोकांनी तो पोळीशी खाल्ला असेल. संक्रांतीला तिळात घालून एकमेकांना दिला असेल, गोड बोला म्हणून. त्याला केरबाचा राग यायला हवा होता. त्याने वाट पाहिली. आला नाही.

“येक खडा मातूर भिजलाच न्हाई,” केरबा म्हणाला. “वरनं पांढरा, आत कच्चा. असला चुन्यात ठेवत न्हाईत, काढून टाकला. त्यो काय, गाडीला उटी लावलाय.”

उभ्या बैलगाडीच्या चाकाखाली, चाक सरकू नये म्हणून, तो होता. नरहर खाली बसला आणि त्याने तो ओढून काढला. मुठीएवढा राहिलेला. मळी आणि काजळी आणि गुळाचा चिकटा बसलेला. त्याने धोतराच्या सोग्याने पुसला. एका अंगाला पांढरी भुकटी सुटली, आणि तिच्या आत काळं दिसलं — रेघ? की धुराचा डाग? त्याने तो उन्हात धरला, फिरवला, पुन्हा धरला.

काळं आहे एवढं खरं. पण काळं कुणाचं? घराच्या तुळयाही कधी झाडं होत्या, ऊसही जिवंतच. त्यांच्या काजळीतला कार्बनही निवडलेलाच, हलकाच. अमेरिकेतला तराजू दोन्हीला हो म्हणेल. म्हणजे हा असाच पाठवला तरी हवं ते उत्तर येईल, कुणाला काही कळणार नाही, आणि ते उत्तर खरं आहे की माझ्या जळालेल्या घराचं आहे, हे मलाही कधी कळणार नाही … कळायला एकच वाट होती. रेघ आत खोलवर गेली असेल तर ती दगडाची. धूर आतपर्यंत शिरत नाही.

केरबाला त्यातलं काय समजलं कोण जाणे, पण तो कुऱ्हाड घेऊन आला आणि तिचा तुंबा, मागची बोथट बाजू, पुढे करून म्हणाला, “फोडून बघायचा का? येका दनक्यात हुतोय.”

नरहर त्याच्याकडे बघत राहिला. केरबाही बघत होता, कुऱ्हाड हातात तशीच उलटी धरून, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की जणू दगडाविषयी नव्हे, दुसऱ्याच कशाविषयी विचारलं जाईल आणि विचारलं तर तो उत्तर देईल. त्या दिवशी तू कुठे उभा होतास, केरबा? अंगणात होतास की उसात? एवढंच विचारायचं होतं. चुलवाणात चिपाडं कोसळली, ठिणग्या उडाल्या. विचारलं की कळणार होतं. आत काळं असेल किंवा पांढरं असेल, आणि मग ते तेच राहणार होतं.

“नको,” तो म्हणाला. “आज नको.”

केरबाने कुऱ्हाड भिंतीला टेकवली. खोपीत जाऊन तो फडक्यात गुंडाळलेली एक लहान ढेप घेऊन आला, वर्षाने काळसर पडलेली. “तुमच्या चुन्याचा गूळ. वाटा ठिवला व्हता. म्हनलं, मास्तर येत्याल कवातरी.” त्याने कडेचा खडा मोडून पुढे केला. “घ्या. गुऱ्हाळावरनं तोंड गोड केल्याबिगर कुनी जात न्हाई.”

“मला पथ्य आहे,” नरहर म्हणाला.

कसलं, ते केरबाने विचारलं नाही. खडा त्याने परत ढेपेवर ठेवला, फडक्याची गाठ मारली आणि गाठोडं नरहरच्या पिशवीत घातलं. “मग ऱ्हाऊ द्या. वैनींना द्या,” तो म्हणाला आणि काहिलीकडे वळला, कारण पाक आला होता.

परतीच्या गाडीत त्याला खिडकी मिळाली. उसाकडे त्याने बघितलं. आई दिसली, अनवाणी, पण या वेळी अंजनाही दिसली. सकाळी ती नुसता एक हात होती. आता तिला चेहरा होता, घाबरलेला. तीही घाबरली असेल, हे वर्षभरात त्याच्या मनातच आलं नव्हतं. दगड आहे का म्हणून त्याने पिशवीत हात घातला. होता. रेघ लागते का म्हणून तो आतल्या आत बोटाने चाचपत राहिला, आणि मग जुन्या सवयीने, पान उलटताना माणूस करतो तसं, बोट जिभेला लावलं.

गोड लागलं. दगडावरच्या मळीचं की ढेपेच्या चुऱ्याचं, कळायला मार्ग नव्हता. घाईघाईने त्याने तांब्याची फिरकी उघडली, चूळ भरायची म्हणून … आणि तांब्या हातात धरून बसून राहिला. मथुरा दारातच विचारेल, तिथलं काही तोंडात घातलं का. काय सांगायचं? भिलवडी आलं, माणसं चढली, उतरली. तोंडातली गोडी पातळ होत गेली तरी त्याने चूळ भरली नाही. सकाळपासून पहिल्यांदा त्याला भूक लागली होती, साधी, पोटातली, लाज वाटावी एवढी. त्याने तांब्या बाजूला ठेवला, मांडीवर दशम्यांचं फडकं सोडलं आणि एक दशमी मोडली. दशमी कोरडी होती, आणि गूळ पिशवीत होता.