शून्याची आंघोळ

हसू नका हं मित्रांनो, पण मी शून्य आहे. प्लास्टिकचा, अंगठ्याच्या नखाएवढा जुना बिल्ला. छातीवर शून्य कोरलेलं, आणि पाठीमागून दिवा लागला की काय रुबाब असायचा माझा!

कुंभिवलीच्या एका कारखान्यात कालव्यांची लोखंडी दारं बनत. ब्याऐंशी साली तिथे नकाशांसाठी कॉम्प्युटर आला, त्याच्याबरोबर मीही आलो. नकाशे साठवायला डिस्कच्या दोन पेट्या होत्या. कुठली पेटी कुठली, हे कॉम्प्युटरला आम्हा बिल्ल्यांवरूनच कळायचं. मी खिडकीकडच्या पेटीत बसायचो आणि माझा भाऊ, एक, भिंतीकडच्या. माझ्या पेटीत रोजचं काम, त्याच्या पेटीत नक्कल. नक्कल घ्यायची म्हणजे एकमधलं जुनं पुसून शून्यातलं सगळं तिथे उतरवायचं.

कडावहून येणाऱ्या जयानं एका दाराचा नकाशा प्रथमच एकटीनं काढला होता. तो पसंत पडला तर तिला कायम करणार होते. बिचारी जेवणाच्या सुट्टीतही उठायची नाही.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती. ऑपरेटर पोपटचा उत्साह तर विचारूच नका. त्यानं आम्हा दोघांना उपटून साबणाच्या पाण्यात घातलं, घासलं, पुसलं आणि नेमकं उलटं बसवलं. मी भिंतीकडे, एक खिडकीकडे! वर झेंडूची फुलंही वाहिली.

दसऱ्याची सुट्टी संपवून जया आली, कॉम्प्युटर लावला, तर तिचं दार गायब! जुना, अर्धवट नकाशा तेवढा दिसत होता. पोरीचं तोंड एवढंसं झालं. नकाशा साठवायचा राहिला असेल, असं तिचे वरिष्ठ येसाजी साहेब म्हणाले. आहे ते तरी जपू, नक्कल घे, असंही त्यांनी सांगितलं. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. खिडकीकडच्या पेटीलाच कॉम्प्युटर आता एक समजत होता; त्या नकलेनं तिथलं तिचं खरं दारच पुसलं गेलं असतं! मला बोलता थोडंच येतं? मी आपला जागच्या जागी पेटून राहिलो.

जयाचं बोट शेवटच्या बटणावर गेलं आणि नजर माझ्यावर.

"थांबा साहेब," ती म्हणाली. "शून्य भिंतीकडं कसा?"

पोपट मान खाली घालून पुढे आला. "मीच धुतलं दोघांना. लय मळलं व्हतं."

आमची अदलाबदल झाली आणि जयाचं दार पडद्यावर उभं राहिलं. ती आधी रडली, मग हसत सुटली. साहेबही हसले. पुढे नकाशा पसंत पडला, जया कायम झाली.

मग नवी यंत्रं आली, पेट्या भंगारात गेल्या आणि मी एका खणात धूळ खात पडलो. फार वाईट वाटायचं. पण जयानं मला हुडकून घरी नेलं. आता दसऱ्याला मी कडावला तिच्या पाटावर पूजेला बसतो.

म्हणून सांगतो मित्रांनो, वस्तू धुवा, पुसा, त्यांना फुलं वाहा, पण जिथली तिथे ठेवा. पोपट आता जयाचा नवरा आहे. गुणी माणूस, माझ्यावर जीव त्याचा. पण दसऱ्याला त्यानं मला धुवायला घेतलं, की जया हात पुढे करते.

"द्या इकडं. मीच धुते."