सहा तासांचं व्हिएन्ना

अहिल्याने बाथरूमच्या दाराखालची फट ओल्या टॉवेलने बुजवली, कडांवर खाकी चिकटपट्टी दाबली आणि मागे वळून पाहिलं. बाहेर हवाई हल्ल्याचा भोंगा चालूच होता. सकाळचे सात वाजून गेले होते, ओट्यावर अर्धा गाळलेला चहा तसाच राहिला होता. नऊ वर्षांची सानिका उलट्या बादलीवर बसली होती आणि तिच्या तोंडावर बापाचा, शशिकांतचा, गॅसमास्क होता. हॉस्पिटलने प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेकच मास्क दिला होता, तोही मोठ्या माणसाच्या मापाचा. पट्टे कितीही आवळले तरी हनुवटीपाशी बोट जाईल एवढी जागा राहायची. शशिकांतची नजर त्या जागेवरून हलत नव्हती.

"पप्पा, व्हिएन्ना," मास्कमधून घोगरा आवाज आला. "स्टार्ट फ्रॉम ट्राम."

सौदीतल्या दम्माममधल्या त्या फ्लॅटमध्ये हे व्हिएन्नाचं पुराण, युद्ध सुरू झाल्यापासूनच्या पाच दिवसांत, नवव्यांदा लागत होतं. शशिकांत हॉस्पिटलातली डायलिसिसची यंत्रं सांभाळायचा. ऑगस्टमध्ये त्याच कामाच्या ट्रेनिंगला जर्मनीला गेला होता आणि परतताना व्हिएन्नात विमान बदलायचं होतं. मध्ये सहा तास. विमानतळावरच्या पोलिसांनी पासपोर्ट ठेवून घेतला, सहा तासांची चिठ्ठी हातात दिली आणि गडी निघाला शहर बघायला.

"तर मी ट्राममध्ये बसलो," शशिकांत म्हणाला. "समोर एक आजी होती. तिच्या मांडीवर कुत्रा होता, स्वेटर घातलेला."

"ऑगस्टमध्ये स्वेटर?"

"श्रीमंताचा कुत्रा होता गं."

"काल तुम्ही टाय म्हणाला होतात."

कुठेतरी दूर धडाड झालं. वॉशबेसिनवरचा आरसा थरथरला, ब्रशांचा पेला खाली पडला. शशिकांतचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. अहिल्याने पेला उचलला, जागेवर ठेवला.

"पुढे सांगा," ती म्हणाली.

"पुढे... एका दुकानाच्या काचेत टीव्ही दिसला. त्यावर रणगाडे. कुवेत गेलं होतं, आता सौदीत घुसणार म्हणत होते. आणि माझी सानिका दम्माममध्ये."

"मग?"

"मग काय, मी धावत सुटलो."

"आणि प्लेनच लेट झालं."

"अख्खा एक दिवस."

अहिल्या या पुराणाची एरवी चेष्टा करायची, पण या शेवटावर तिची फार श्रद्धा होती. आणि घात तिथेच झाला होता. हॉस्पिटलने बायकामुलांच्या पासपोर्टवर एक्झिटचे, म्हणजे देश सोडायच्या परवानगीचे, शिक्के मारून आणले होते. आज अकरा वाजता बस जेद्दाला निघणार होती, तिथून मुंबईचं विमान. कर्मचाऱ्यांना मात्र हलायची परवानगी नव्हती. मजल्यावरच्या सगळ्या बायका निघाल्या होत्या, एक अहिल्या सोडून. शशिकांत पाच दिवस भांडला, हातापाया पडला, एकदा ताट सरकवून उठलासुद्धा. तिचं आपलं एकच. सगळं जग उलट्या दिशेने पळत होतं तेव्हा हा माणूस आमच्यासाठी इकडे आला, त्याला एकटं टाकून मी जाऊ?

धोका टळल्याचा लांबलचक भोंगा झाला. सानिकाने मास्क ओरबाडून काढला आणि ती टीव्हीकडे पळाली. तिच्या गालांवर रबराचे लाल वळ उठले होते, हनुवटी मात्र कोरी होती. अहिल्या दाराची पट्टी सोलायला लागली. शशिकांत जमिनीवरून उठला नाही.

"अकराच्या बसने जा."

"झालं सुरू. तुम्ही आलात ना आमच्यासाठी? मग मीही नाही जायची."

"मी धावलो नव्हतो."

तिचा हात थांबला.

"विमान वेळेवर गेलं, अहिल्या. मी त्यात नव्हतो. स्टेशनसमोरच्या बाकावर बसून राहिलो. इतका घाबरलो होतो की उठवेना."

तिने पट्टीचा उरलेला तुकडा एका झटक्यात ओढून काढला.

"मग मुंबईच्या तिकिटाची चौकशी केली."

"आम्ही इथे असताना?"

"तुम्ही इथे असताना."

"आणि मग आलात कसे?"

"चिठ्ठीची मुदत उलटून गेली होती. पोलिसांनी धरलं, एका खोलीत बसवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानात नेऊन घातलं. मी आलो नाही. मला आणून सोडलं."

अहिल्याने हातातल्या पट्टीची गोळी केली आणि केराच्या डब्यात टाकली. नळ सोडून बराच वेळ तोंड धुतलं. मग ती खोलीत गेली आणि कपाटावरची बॅग खाली काढल्याचा आवाज आला. पाच दिवस जे मागत होता ते शशिकांतला मिळालं होतं. तो उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला.

अकरापर्यंत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. जे काही विचारायचं ते सानिकामार्फत. पप्पांना विचार, पासपोर्ट कुठे आहेत. पप्पांना सांग, बॅगेची चेन लावून द्या.

बस हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी होती. ड्रायव्हर यल्ला, यल्ला, चला लवकर, करत दारावर थापा मारत होता. सानिका खिडकीला नाक लावून बसली होती, रडत नव्हती, आणि तेच शशिकांतला बघवत नव्हतं. इंजिन सुरू झालं तेव्हा अहिल्याने काच सरकवली.

"फ्रीजमध्ये आमटी आहे. दोन दिवस पुरेल."

"हो."

"सोडतील त्या दिवशी निघा."

"हो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"थेट या," ती म्हणाली. "मध्ये कुठे उतरू नका."