गल्ली संपावर जात नाही

निनीबाईंनी दोऱ्याचं एक टोक हॉटेलच्या चौकोनावर बोटाने दाबून धरलं आणि उरलेला दोरा रस्त्यारस्त्याने सरकवत नदीपर्यंत आणला.

"पुलावर बोट ठेवा जरा. घट्ट. नाहीतर सगळं घसरेल."

नकाशेवाल्यांनी पुलावर बोट ठेवलं. नकाशा त्यांनीच काढलेला होता, बेचाळीस वर्षांपूर्वी. आता तो घड्यांवर झिजला होता आणि मागून कापडी पट्टीने सांधलेला होता. दोरा पूल ओलांडून चौकात गेला, घड्याळाच्या मनोऱ्याला वळसा घालून डावीकडे वळला आणि केसाएवढ्या बारीक गल्लीच्या तोंडाशी थांबला. निनीबाईंनी दोऱ्यावर नखाने खूण केली, तो उचलला आणि खालच्या कोपऱ्यातल्या मोजपट्टीवर ताणून धरला. चाळीस वर्षं नकाशे काढणाऱ्याशी संसार केल्यावर माणूस एवढं शिकतोच.

"अडीच किलोमीटर. माझ्या चालीने पाऊण तास. गुडघा रुसला तर तास."

"ट्राम आहे ना," नकाशेवाले म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा होता. नकाशेवाल्यांनी तो उचलला, दोनदा "हं" केलं आणि "आईला देतो" म्हणून पुढे केला. फोनवर याहून जास्त बोललेले ते कुणाला आठवत नव्हते.

"आई, घोटाळा झालाय," लेक म्हणाली. निनीबाई फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात ऐकत, त्यामुळे घरभर ऐकू गेलं. "तिकडे ट्रामवाल्यांचा संप आहे. नेमका तुम्ही जाताय त्या आठवड्यात. बेमुदत म्हणतायत."

"वाईट झालं," नकाशेवाले म्हणाले आणि कधीचा निवलेला चहा त्यांनी एका दमात पिऊन टाकला. तो त्यांना कितीतरी दिवसांनी गोड लागला.

कारण दोरा जिथे थांबला होता, तिथे गल्ली नव्हतीच.

नकाशेवाले ज्या छापखान्यात ड्राफ्ट्समन होते तिथे एक जुनी पद्धत होती. बाजारात नकाशे चोरून छापणारे पुष्कळ. म्हणून दर नकाशात एक खोटी गल्ली घालायची. उद्या दुसऱ्याच्या नकाशात तीच गल्ली उगवली, की चोर सापडला. हेडसाहेबांचे त्याबद्दलचे नियम ठरलेले होते. गल्ली पुढून बंद हवी, म्हणजे कुणी फसलाच तरी दहा पावलांत मागे फिरेल, त्याची गाडी चुकणार नाही. आणि नाव असं हवं, की मुद्दाम शोधत कुणी जाणार नाही. या शहराचा नकाशा काढताना नकाशेवाल्यांच्या डोक्यात कित्येक दिवस एकच नाव घोळत होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी सर्वांत बारीक निब घेतली, श्वास रोखला आणि ते लिहून टाकलं. निनी गल्ली.

पुढच्या वर्षी आत्याच्या ओळखीने ते एका घरी गेले. समोर बसलेल्या मुलीशी काय बोलावं ते सुचेना. शेवटी त्यांनी पिशवीतून नकाशा काढला, तिच्यापुढे पसरला आणि एका जागी बोट ठेवलं. मुलीने वाकून वाचलं आणि ती खळखळून हसली. परदेशातल्या कुठल्याशा शहरात आपल्या घरगुती नावाची गल्ली आहे आणि या अबोल माणसाने ती हुडकून आणली आहे! त्याच महिन्यात तिला एक इंजिनीयरही सांगून आला होता. निनीबाई एकेचाळीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आल्या होत्या, "त्याच्याकडे स्कूटर होती. यांच्याकडे माझ्या नावाची गल्ली होती."

खरं काय ते सांगून टाकायचं नकाशेवाल्यांनी पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. दुसऱ्याही वर्षी ठरवलं होतं. पण प्रत्येक वेळी कुणीतरी पाहुणा यायचा, निनीबाई ती गोष्ट रंगवून सांगायच्या, आणि सांगायचं राहून जायचं. पुढे तर त्यांना वाटू लागलं, की आपला सगळा संसारच त्या गल्लीत थाटलेला आहे, आणि गल्लीचा पत्ता नाही. आता त्यांच्या सत्तरीला लेकीने परस्पर तिकिटं काढली आणि वर म्हणाली, "बाबा, आईला तिची गल्ली दाखवून आणा." तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती.

आता संप म्हणजे सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं झालं.

निनीबाईंनी मात्र दोरा रिळाला गुंडाळला आणि त्या म्हणाल्या, "ट्राम नसली तर नसली. बूट कशाला घेतलेत?"

बूट खरोखरच नवे होते. ऐन वेळी चावू नयेत म्हणून गेले पंधरा दिवस त्या ते घरातच घालून हिंडत होत्या. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते बाहेरची खोली. त्या टपटप आवाजाने नकाशेवाल्यांचं वर्तमानपत्रात लक्ष लागत नसे.

सोमवारी बातमी आली, की संग्रहालयांचे पहारेकरीही संपात उतरले. नकाशेवाल्यांनी ती जड आवाजात वाचून दाखवली. फ्रिजवर चिकटवलेल्या यादीतून निनीबाईंनी संग्रहालय खोडलं. मंगळवारी नदीतल्या बोटी बंद झाल्या. बुधवारी मनोऱ्याची लिफ्ट चालवणारे.

"मनोऱ्याला जिने असतील की," निनीबाई म्हणाल्या.

"तीनशे बारा पायऱ्या आहेत."

"मग नको. तो आपला खालूनच बघू." त्यांनी मनोराही खोडला. चार दिवसांच्या यादीत आता एकच ओळ उरली होती. निनीबाई दोन पावलं मागे सरल्या आणि मान वाकडी करून यादीकडे पाहत राहिल्या. "बरंच झालं बाई! उगाच धावपळ नको. पहिल्या दिवशी गल्ली. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर पुन्हा गल्ली, फोटोला उजेड चांगला मिळेल. तिसऱ्या दिवशी तिथेच एखादा बाक बघून निवांत बसू."

"तिथेही काही बंदबिंद असलं तर?"

"अहो, सगळं शहर संपावर जाईल. गल्ली काही संपावर जात नाही."

नकाशेवाल्यांना ठसका लागला. निनीबाईंनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या.

त्या दिवशी लेकीचा पुन्हा फोन आला. "आई, मी फोनवरच्या नकाशात बघत होते. ती तुझी गल्ली काही सापडत नाहीये गं."

"फोनला काय कळतंय?" निनीबाई म्हणाल्या. "तो नकाशा तुझ्या बाबांनी हाताने काढलाय."

नकाशेवाले उठून गॅलरीत गेले. तिथल्या कुंडीला सकाळीच पाणी घातलेलं होतं. त्यांनी पुन्हा घातलं.

गुरुवारी दुपारी लेकीने शेवटचं विचारलं. तिकिटं रद्द करायची तर उद्या संध्याकाळपर्यंत करता येतील, नंतर नाही. विमानतळावरचे सामान वाहणारेही उद्या काय ते ठरवणार आहेत म्हणे. तुम्ही दोघं बोलून मला कळवा.

नकाशेवाल्यांनी बोलायची तयारी सकाळपासून केली होती. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. ती त्यांनी टेबलाकडे बघत एकामागून एक म्हणून टाकली. आपलं वय. तुझा गुडघा. परका मुलूख, आणि सगळंच बंद. पुढच्या वर्षी निवांत जाऊ. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

निनीबाई वाद घालतील असं त्यांना वाटलं होतं. त्यांची पुढची तीन उत्तरंही तयार होती.

"बरं," निनीबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तसं."

त्या आत गेल्या. टपटप आवाज खोलीपर्यंत गेला आणि थांबला. मग कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पातळ कागदाची सळसळ. नकाशेवाले दारात जाऊन उभे राहिले. निनीबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी डावा बूट काढला, ओल्या फडक्याने त्याचा तळ पुसला, कागदात गुंडाळला आणि खोक्यात ठेवला. मग उजव्याची नाडी सोडायला त्या वाकल्या.

मागितलेलं सगळं मिळालं होतं. नकाशेवाल्यांनी चौकट धरली.

"ती गल्ली नाहीये," ते म्हणाले.

"कुठली?"

"तुझी."

निनीबाईंनी मान वर केली. "पाडली की काय?"

"नव्हतीच कधी. मी काढली. तशी पद्धत होती आमच्यात, खोटी गल्ली घालायची. चोर पकडायला." आता घोडं मध्येच अडवून चालण्यासारखं नव्हतं. हेडसाहेब, त्यांचे नियम, बारीक निब, सगळं त्यांनी उभ्याउभ्या सांगून टाकलं. "एकेचाळीस वर्षं सांगायचं म्हणत होतो," ते शेवटी म्हणाले.

निनीबाई एका पायात बूट आणि दुसरा पाय अनवाणी अशा बसून होत्या.

"खोटी गल्ली," त्या म्हणाल्या. "आणि तिच्यापायी मी त्या बापड्या स्कूटरवाल्याला परत पाठवलं."

नकाशेवाले दारातून बाजूला सरले.

निनीबाई उठल्या. लंगडीसारख्या चालत, एक पाय टप आणि एक पाय मुका, बाहेरच्या खोलीत गेल्या. नकाशा अजून टेबलावर पसरलेलाच होता. त्यांनी नवऱ्याचं भिंग उचललं आणि गल्लीवर धरलं. बराच वेळ धरलं. मग भिंग हळूहळू घसरत खालच्या कोपऱ्यात आलं, मोजपट्टीच्याही खाली, जिथे मुंगीच्या पायांएवढी अक्षरं होती.

"हे काय आहे?"

"छपाईचा महिना. आणि साल."

निनीबाईंचे ओठ हलले. अंगठा एकेका पेरावरून फिरत गेला. पुन्हा पहिल्यापासून फिरला.

"आपण भेटलो ते याच्या पुढच्या वर्षी."

"हो."

"मला वाटत होतं, आत्यांनी तुम्हाला माझं नाव सांगितलं आणि मग तुम्ही ते नकाशात शोधलंत."

"आत्याला मीच सांगितलं होतं. त्या घरी कुणाची तरी ओळख काढ म्हणून."

निनीबाईंनी भिंग खाली ठेवलं. "तुम्हाला कुठून कळलं?"

"वाचनालयात," नकाशेवाले म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. सत्तराव्या वर्षी कान लाल होतात हे त्यांना माहीत नव्हतं. "तू रांगेत पुढे होतीस, वहीत पत्ता लिहीत. मी मागे. दारातून तुझी बहीण ओरडली, निनी, उशीर होतोय!"

"मग?"

"मग तू गेलीस."

"पण बोलायचं नाही का माणसाने?"

"तुला उशीर होत होता."

"अकरा महिने?"

नकाशेवाल्यांनी टेबलावरचा दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "पाच हजार प्रती निघणार होत्या," ते म्हणाले. "मला वाटलं, एखादी कधीतरी तुझ्या हातात पडेल."

मग निनीबाईंच्या खांद्याला पहिला हिसका बसला. नकाशेवाल्यांना वाटलं, त्या रडतायत. ते घाईघाईने पुढे झाले. पण ते हसू होतं. तेच हसू, पहिल्या भेटीतलं. हसता हसता त्यांना खुर्ची धरून बसावं लागलं, चष्मा काढून पदराने पुसावा लागला, आणि तो पुसायला जरा जास्तच वेळ लागला.

"पाच हजार लोकांना सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मला सोडून."

"चुकलंच ते."

"चुकलंच. एवढी वर्षं मला वाटत होतं, गल्ली कुणा परक्याची, आणि तुम्हाला ती फक्त सापडली." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा नकाशावर वाकल्या. "मग या जागी खरं काय आहे?"

"दोन घरांच्या मधली भिंत असावी. नक्की नाही सांगता येणार. मी तरी कुठे गेलोय तिथे!"

निनीबाईंनी बराच वेळ त्या जागेवर बोट ठेवलं होतं. मग त्या म्हणाल्या, "तो आतला बूट आणा बरं माझा."

नकाशेवाल्यांनी खोकं उघडलं, कागद सोडवला, बूट आणला. इतक्या वर्षांनी त्यांचा जीव भांड्यात पडला होता. त्या दिवशी त्यांनी दुपारीच जी ताणून दिली, ती थेट दिवेलागणीलाच त्यांना जाग आली.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन तिने दिलेल्या वेळेच्या आधीच आला. फोन टेबलावर ठेवायचीही फुरसत तिने दिली नाही.

"आई, सुटलो! संप मिटला. ट्राम, संग्रहालय, बोटी, सगळं उद्यापासून चालू. विमानतळवालेही कामावर आहेत. मला रात्रभर काळजी, तुम्ही रद्द करा म्हणताय की काय. आता सांग, पहिल्या दिवशी काय? मनोऱ्याची वेळ आत्ताच घेऊन ठेवते."

"मनोरा दुसऱ्या दिवशी," निनीबाई म्हणाल्या. फ्रिजवरच्या यादीत खोडलेल्या ओळी त्या पुन्हा लिहीत होत्या. "पहिल्या दिवशी आम्ही चालत जाणार आहोत. अडीच किलोमीटर. एक भिंत बघायची आहे."

"भिंत? कसली भिंत? आणि तुझी गल्ली?"

"ते बाबांना विचार."

त्यांनी फोन नवऱ्यापुढे धरला. नकाशेवाल्यांनी तो घेतला, सवयीने दोनदा "हं" केलं आणि परत द्यायला हात पुढेही केला. पण निनीबाई आत निघून गेल्या होत्या. टपटप आवाज गॅलरीपर्यंत जाऊन परत येत होता.

"बाबा? आहात ना?"

नकाशेवाल्यांनी खुर्ची ओढली आणि ते नीट टेकून बसले.

"आहे," ते म्हणाले. "बरं का, तुझ्या मावशीचा आवाज पहिल्यापासूनच मोठा."