पांढऱ्या शेवंतीचे शेंडे

पावसाने नऊ दिवस उसंत दिली नव्हती. दोन क्वार्टरांच्या परसांमध्ये उभ्या असलेल्या सामायिक टिनाच्या शेडमध्ये नरहरी शेवंतीची रोपे मोठ्या कुंड्यांत हलवायला बसला होता खरा. पण त्याची नजर पुन्हापुन्हा समोरच्या फळीकडे वळत होती. ती फळी शेजारच्या तेजरामची.

तेजराम पोलाद कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड कामाचा मजूर, मूळचा भंडाऱ्याकडचा शेतकरी. त्याची कलमे वनस्पती तुपाच्या गंजक्या डब्यांत, नदीच्या साध्या रेतीत उभी होती आणि तरीही त्यांचे पान न् पान तकतकत होते. इकडे नरहरीच्या बत्तीस कुंड्या एका मापाच्या, गेरूने रंगवलेल्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. आणि त्यांतली पाने पिवळी पडून माना टाकून बसलेली.

ही पांढरी शेवंती नरहरीने नऊ वर्षे जपली होती. टाउनशिपच्या हिवाळी पुष्पप्रदर्शनात सहा वेळा तिने त्याला पहिला क्रमांक मिळवून दिला होता. गेल्या आठवड्यात जुनी झाडे पावसाने कुजली. आता वाण उरला होता तो या बत्तीस कुंड्यांतच.

त्याने पहिली कुंडी उलटी करून काठावर ठोकली. रोप निघेना. दुसऱ्यांदा जोराने ठोकताच मातीचा अख्खा गोळा विटेसारखा खाली पडला, आणि रोपाची नाजूक मुळे त्यात चिणलेली दिसली. दुसरी कुंडी तशीच. तिसरीही.

"काय करून राहिले बाबूजी?" डोक्यावर पोते घेतलेला तेजराम दारातून आत आला. त्याने तो गोळा उचलला, नखाने खरवडला. "हे तं पक्कं जमलं जी! काय टाकलं होतं यात?"

"स्लॅग," नरहरी ताठ स्वरात म्हणाला. "लोखंडाच्या भट्टीतून निघणारा दाणेदार मळ. रेतीपेक्षा स्वच्छ असतो. त्यात कीड नसते, कचरा नसतो. आणि बुरशी धरू नये म्हणून चुना."

"स्लॅग अन् चुना?" तेजरामला हसू आवरेना. "बाबूजी, तुमी तं सिमेंट लावलं! वॅगनच्या वॅगन भरून सिमेंट फॅक्टरीले कायले जाते मंग तो स्लॅग?"

त्या वॅगनांचे कागद कारखान्याच्या कचेरीत गेली चौदा वर्षे नरहरीच स्वतःच्या हाताने तयार करीत होता. तेजरामच्या रेतीवर मात करण्यासाठीच त्याने हे मिश्रण योजले होते, आणि तेही कोणाला कळू न देता.

"घाबरू नका," तेजराम म्हणाला. "माह्याकडे तुमचीच पांढरी हाय."

त्याने फळीच्या मागून दहा डबे पुढे ओढले. पानाची ती खोल कातर, देठाजवळची जांभळट झाक! नरहरीला ओळख पटायला क्षणही लागला नाही.

"चोरी केलीस तू!"

"नाई जी. वहिनीनं देल्ले."

पदर डोक्यावर घेऊन नरहरीची बायको रत्नमाला चहा घेऊनच येत होती. शब्द तिच्या कानी पडले होते.

"मीच दिले," ती म्हणाली. "झाड पसरावं म्हणून तुम्ही शेंडे खुडता आणि उकिरड्यावर फेकता. तेच उचलून यांच्या बायकोला, गयाबाईला दिले."

"कोणाला विचारून? हिवाळ्यात हा माझ्यासमोरच प्रदर्शनात उभा राहील!"

"प्रदर्शनात?" तेजराम चकित झाला. "मले काय करायचं जी तिथं? गयाबाईले अंबाड्यात घालाले फुलं पायजे."

ज्याला हरवण्यासाठी नरहरी झुरत होता तो मैदानात उतरणारच नव्हता, आणि नरहरीची जळजळ मात्र कमी होत नव्हती. तेजरामने दहांतले सहा डबे निवडून त्याच्यापुढे ठेवले. सर्वांत चांगले सहा. एक डबा तिरका केला, बुडाला हलकेच टिचकी मारली, आणि मुळांचे पांढरे जाळे रेतीसह अलगद त्याच्या तळहातावर उतरले. तो सहजपणा नरहरीला सर्वांत असह्य झाला.

तेजराम पोते पांघरून निघून गेला.

"तुला त्यांचा इतका कळवळा कशासाठी?" नरहरीने विचारले.

"गयाबाईने मलाही फूल कबूल केलंय," रत्नमाला म्हणाली. "नऊ वर्षं झाली, आपल्या झाडाचं एक फूल डोक्यात घातलं नाही मी. तुम्ही तोडू देता का? परीक्षक फुलं मोजतात म्हणे."

टिनावर पाऊस वाजत होता. नरहरीने नव्या कुंडीत माती भरली, रोप मधोमध धरले, पुन्हा खाली ठेवले.

"किती कबूल केलीत तिने?"

"दोन."

"मी तीन देईन," नरहरी म्हणाला.

रत्नमालेने त्याच्याकडे पाहिले, मग विटेसारख्या त्या गोळ्याकडे पाहिले.

"आधी तो स्लॅग आणि चुना बाजूला ठेवा," ती म्हणाली, आणि चहाचा कप त्याच्या मातीने माखलेल्या हातात दिला.