निरीक्षण चालू असताना

तिने घड्याळाची कळ दाबली आणि पेन्सिल सरसावली. वॉर्डात एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या होत्या. खिडकीजवळच्या खाटेवरचं यंत्र वाजायला लागलं होतं आणि समोर, पोटाचं ऑपरेशन झालेल्या टॅक्सीवाल्याने अंगावरची चादर लाथाडली होती. मधोमध सिस्टर, हातात इंजेक्शनचा ट्रे घेऊन. सिस्टर आधी कुठे जाते आणि ते कशावरून ठरवते, एवढंच तिला टिपायचं होतं.

खिडकीजवळच्या खाटेवर तिचे वडील होते.

सकाळीच त्यांना वरच्या मजल्यावरून इथे हलवलं होतं. खरं तर तिने संशोधन चालवणाऱ्या सरांच्या कानावर हे घालून दुसरा वॉर्ड मागायला हवा होता. पण भेटीची वेळ ती केवढीशी, आणि इथे बसलं की दिवसभर बाबा डोळ्यांसमोर. ती मूग गिळून बसली. परिचारिका निर्णय कसे घेतात हे मोजण्याचं हे काम तिला मोठ्या मिनतवारीने मिळालं होतं. नोंदी बिनचूक उतरल्या तर नोकरी पक्की. सरांनी बजावलं होतं, निरीक्षकाने भिंत व्हायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू द्यायची नाही.

बाबांची छाती भराभर वरखाली होत होती. तिने दोन्ही पाय खुर्चीच्या पायांमागे अडकवले, न जाणो, आपोआप उठायला झालं तर. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. छताकडे बघत होते.

सिस्टरने बाबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि ट्रे खाली ठेवून ती टॅक्सीवाल्याकडे गेली.

यंत्र ठणाणा बोंबलतंय आणि ही बाई त्या माणसाची नाडी बघत बसली आहे! मग डॉक्टर धावत आले आणि त्यांनी टॅक्सीवाल्याची खाट ढकलत बाहेर नेली. त्यानंतर कुठे सिस्टर खिडकीकडे वळली. तिने बाबांना उशीला टेकवून बसवलं, ऑक्सिजनचा मास्क लावला. हळूहळू यंत्र गप्प झालं.

वॉर्ड जरा निवांत झाल्यावर तिने सिस्टरला नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. टॅक्सीवाल्याला पोटात रक्तस्राव होत होता, तो वेळेवर लक्षात आला, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

“तिकडे आधी का गेलात?”

“घामाने थबथबला होता आणि तगमग चालली होती. मला काही ते लक्षण बरं दिसेना.”

“पण इकडे यंत्र वाजत होतं.”

सिस्टर हसली. “ते तुमचे बाबा ना? सकाळपासून वॉर्डभर सांगतायत, ही परीक्षा घेणारी माझी लेक म्हणून.”

पेन्सिल थांबली.

“पोटची पोर समोर बसलीय आणि जागची हलत नाही. म्हटलं, यंत्राची बोटाला लावलेली क्लिप निसटली असेल, म्हणून वाजतंय. खरंच दम लागला असता तर तुम्हीच आधी धावला असता. तुम्ही शांत होतात, म्हणून मी निर्धास्त तिकडे गेले.” सिस्टरने कागदाकडे बोट केलं. “लिहा की.”

तिने लिहिलं नाही.

“मी शांत नव्हते, सिस्टर,” ती म्हणाली. “आम्हाला उठायचं नसतं.”

सिस्टरचं हसू मावळलं. ती काहीतरी बोलणार होती, पण पलीकडून कुणीतरी पाणी मागितलं आणि ती तिकडे गेली.

नोंदींचे कागद घेऊन ती बाबांच्या खाटेवर जाऊन टेकली. त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला.

“झालं का गं मनासारखं काम?”

“झालं.”

“मघाशी फार कोंडल्यासारखं झालं होतं मला.” त्यांनी श्वास गोळा केला. “पण हाक नाही मारली. सगळ्यांदेखत तुझं काम बिघडायला नको. आत्तासुद्धा जरा होतंय... पण तू लिही. होईल बरं.”

तिने मास्क त्यांच्या नाकातोंडावर नीट चढवला. कागद खाटेखाली घसरले, ते तिने उचलले नाहीत. मागे वळून तिने वॉर्डातली सगळी माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने सिस्टरला हाक मारली.