पांढरा पडलेला रणगाडा

मित्रांनो, मी खऱ्या युद्धावर कधी गेलो नाही. मी अंगठ्याच्या पेराएवढा शिशाचा रणगाडा आहे, आता बराच जुना. माझ्यासारख्याने आपली कहाणी सांगावी की नाही, याची मला अजून खात्री नाही; पण त्या सकाळची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

आम्ही बारा जण साच्यातून निघालो ते राखाडी अंगाचे. आम्हाला घरी आणले पेंटर आजोबांनी. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. हातभर अक्षरे काढणारा हा माणूस म्हातारपणी भिंग लावून आम्हाला हिरवा रंग देऊ लागला, आमच्या साखळीपट्ट्यांवर चिखल रंगवू लागला. एकेकाला पत्र्याच्या चकतीवर चिकटवून त्यांनी भोवती गोंद लावला आणि त्यावर बारीक वाळू व वाळवलेला चहाचा चोथा पेरला. झाली आमची रणभूमी! दर रविवारी शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आपले रणगाडे घेऊन येत आणि टेबलावर लढाई जुंपे.

आजोबांचा डावा डोळा आधीच गेला होता. "उजव्यापुढे पांढरट दिसू लागलं तर त्याच दिवशी या," असे डॉक्टरांनी बजावले होते.

त्या रविवारी हवा इतकी दमट होती की दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळले नव्हते. आजोबा नेहमी ब्रशने वॉर्निश लावत. पण हात कापू लागल्यामुळे त्यांनी पहिल्यांदाच फवाऱ्याचा डबा आणला होता. ओल्या हवेत तो मारायचा नसतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. फवारून झाल्यावर थोड्या वेळाने ते भिंग घेऊन वाकले.

आम्ही बाराही जण पांढरेफटक पडलो होतो.

"आलं," ते पुटपुटले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. तेच! मग त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. दुसरीकडे कुठे बघून खात्री करून घेण्याची त्यांची छातीच होईना. चाचपडत ते ब्रश गोळा करून डब्यात भरू लागले. त्यांच्या कोपराने माझ्या शेजारचा खाली पडला, त्याची तोफ वाकली. त्यांनी त्याला शोधलेही नाही. डोळा नव्हे, आजोबा, ओल्या हवेनं वॉर्निश पांढरं पडलंय! पण मी कसा ओरडणार?

तेवढ्यात पोस्टमास्तर आत आले.

"काय पेंटर, डोळे मिटून बसलात? माझा मार बघवणार नाही म्हणून?"

"खेळ संपला, मास्तर. हे ब्रश तुम्ही घेऊन जा."

"नेईन की. पण आधी सांगा, यांच्यावर पीठ कुणी सांडलं?"

आजोबांचा हात थांबला. "पीठ? कुठे?"

"कुठे म्हणजे? रणगाड्यांवर! सगळे पांढरे करून ठेवलेत."

"तुम्हाला... तुम्हालाही पांढरे दिसतायत?"

"मला नाही तर काय माझ्या आजीला दिसणार?"

आजोबांनी उजवा डोळा हळूच उघडला आणि मास्तरांकडे पाहिले.

"तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय," ते म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसून हसू लागले. हसता हसता त्यांचे गाल ओले झाले.

दुपारी त्यांनी ब्रशने आमच्यावर चकचकीत वॉर्निशचा एक हात फिरवला, तसा आमचा हिरवा रंग परत आला. मास्तरांनी वाकलेली तोफ सरळ केली आणि संध्याकाळी सपाटून हरले.

मित्रांनो, दमट हवेत वॉर्निश फवारू नका, एवढे तर सांगतोच. पण कधी डोळ्यांपुढे अचानक सगळे पांढरे झालेच, तर एकट्याने डोळे मिटून बसू नका. शेजाऱ्याला हाक मारा. तो चेष्टा करील, करू द्या.