एकटा अल्फा

लिथियमचं अणुकेंद्र शिशाच्या केंद्राजवळून वेगानं गेलं की दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर त्याचा एक तुकडा शिसं गिळून टाकतं आणि उरलेला अल्फा कण एकटाच बाहेर येतो, ते हस्तांतरण. नाहीतर लिथियम फुटतं आणि दोन्ही तुकडे सुटे होऊन बाहेर पडतात, ते विघटन. हे मला म्याओ चिंगयूनं शिकवलं. मी चीनमधल्या लानचौच्या अणुप्रयोगशाळेत हवा काढून टाकणारे व्हॅक्यूम पंप सांभाळायचो. सगळे मला छ्यू शिफू म्हणत, उस्ताद म्हणतात तसं.

तिचे गुरू तुआन लाओशी; लाओशी म्हणजे सर. ‘एकटा अल्फा म्हणजे हस्तांतरण,’ हे ते वीस वर्षं सांगत आले होते. चिंगयूचा प्रबंध याच वाक्यावर उभा होता आणि महिन्याभरात सादर व्हायचा होता.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला बीम, म्हणजे लिथियमच्या केंद्रांचा झोत, दुसऱ्या गटाकडे जाणार होता. सकाळी अकराला चिंगयू पडद्यासमोरून उठली.

“लाओशी, अल्फाचा जोडीदार तुकडा सापडला नाही म्हणजे तो नव्हताच, असं कसं म्हणायचं? आपल्या कण टिपणाऱ्या दोन डिटेक्टरांमध्ये फट आहे. तो तिथून निसटत असेल तर?”

“फट पहिल्यापासून आहे.”

“म्हणूनच तर भीती वाटतेय. कपाटात एक जादा डिटेक्टर आहे. तो फटीत बसवू या.”

“म्हणजे निर्वात चेंबर उघडायचा? चिंगयू, डोकं ठिकाणावर आहे ना? पंपानं दगा दिला तर उरलेला बीम वाया जाईल!”

“आणि नाही उघडला, तर माझा प्रबंध खोटा निघू शकतो.”

“तुझा प्रबंध! आणि माझी वीस वर्षं?”

लाओशी माझ्याकडे वळले. “शिफू, किती वेळ लागेल?”

“सगळं धरून तीन तास. नशीब असेल तर.”

“आणि नसेल तर?”

“तर तुम्ही मला शिव्या घालाल.”

लाओशींनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, “उघडा.”

साडेबाराला डिटेक्टर बसला, पंप सुरू झाला. दीड वाजता चेंबरमधला दाब उतरायचा थांबला, म्हणजे कुठून तरी हवा आत शिरत होती. चिंगयू दर पाच मिनिटांनी येऊन विचारायची, “शिफू, उतरतोय का?”

“तू अशी डोळे लावून बसलीस तर तोही लाजेल. जा, जेवून ये.”

ती गेली नाही. तिच्या डब्यातल्या शेवयांचा गोळा झाला होता.

मी एकेका सांध्यावर स्पिरिट मारत गेलो. नव्या वायरीच्या झाकणाशी दाबमापकाचा काटा उडाला, गळती तिथेच होती. परत सगळं उघडलं. रबरी कड्यावर सुताचा एक तंतू चिकटला होता, माझ्याच हातमोज्याचा.

“चूक माझी आहे,” मी सांगितलं. लाओशींनी फक्त घड्याळाकडे पाहिलं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

बीम आला तेव्हा चारला दहा कमी होते.

चिंगयूच्या हिशेबानं, अल्फा आणि फटीतला तुकडा निव्वळ योगायोगानं एकाच वेळी दिसल्याच्या जोड्या पाचपर्यंत फार तर तीन झाल्या असत्या. पहिली पाच मिनिटं एकही नाही. “झालं समाधान?” लाओशी म्हणाले. तिनं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. मग एक जोडी आली. लगेच दुसरी. पाच वाजता बीम बंद झाला तेव्हा अडतीस होत्या.

लाओशी खुर्चीत बसले. “प्रबंध थांबव,” ते हळूच म्हणाले. “मीही मासिकाकडे पाठवलेला लेख परत मागवतो.”

“लाओशी, सगळंच चुकलं असेल असं नाही...”

“किती चुकलं, ते तूच मोजायचं.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तसे ते घाईनं म्हणाले, “आता रडू नकोस बाई, आधी जेव.”

तिनं सात महिने मोजलं. एकट्या वाटलेल्या अल्फांपैकी तिसरा हिस्सा विघटनाचा निघाला, बाकीचे खरोखर हस्तांतरणाचे. पदवी वर्षभर लांबली. नव्या लेखात पहिलं नाव तिचं होतं, आणि आपले जुने आकडे कुठे कुठे चुकले होते, तो परिच्छेद लाओशींनी स्वतः लिहिला होता.